पाखडलेले आकडे

इस्पितळाच्या तळघरात गारठा असा, की चहा ओठाला लावेपर्यंत निवून जाई. सर्व्हरच्या कपाटांवर दिवे लुकलुकत होते, आणि त्यांच्यासमोर शाल पांघरून थोरली बसली होती. इमारतीतला कुठला संदेश किती वेळात पोचतो ते मोजायचं आणि दर महिन्याला अहवाल द्यायचा, हे तिचं काम.

धाकटी बहीण वर तिसऱ्या मजल्यावर नर्स. गेल्या आठवड्यात तिथे पाच नंबरच्या खाटेवरचा माणूस गेला. यंत्राने इशारा दिला, नर्स दोन मिनिटं उशिरा पोचली, असा तिच्यावर ठपका. आज चार वाजता चौकशी. नोकरी राहते की जाते, ते तिथे ठरणार.

"डोळा लागला असेल तुझा," सकाळी थोरली म्हणाली होती. "कबूल करून टाक, निभावेल."

"मी टेबलावरच होते, ताई. पडद्यावर काही आलंच नाही."

"इशारा पोचायला सरासरी अर्धा सेकंद लागतो. मीच मोजलंय."

"हो ना. तोच अहवाल लावलाय माझ्या कागदांना. घरचा आहेर."

ते शब्द दिवसभर कुसळासारखे रुतत राहिले.

खात्याची जुनी रीत होती. शंभरातला सगळ्यात मंद संदेश आधी पाखडून टाकायचा, मग सरासरी काढायची. "कोंडा तो, कशाला दळायचा?" साहेब म्हणत. कोंड्याची ती फाइल थोरलीने कधी उघडली नव्हती. आज उघडली.

ओळीमागून ओळ, जवळजवळ सगळ्या तिसऱ्या मजल्याच्या. वेळ दुपारी तीन ते साडेतीन, एक्स-रेची जडजड चित्रं साठवणीकडे निघतात तेव्हाची. त्या लोंढ्यामागे खाटांचे इशारे अडकत. हाक निघावी आणि वाटेतच तिला सांज व्हावी, तसे. नव्वद सेकंद. एकशे दहा. पाच नंबर, एकशे अठ्ठावीस.

"साहेब, हे बघा."

साहेबांनी वाकून पाहिलं. "चौकशीच्या दिवशी बहिणीसाठी आकडे हुडकतेस? लोक काय म्हणतील?"

"माझा अहवाल चुकला म्हणतील."

"दोन वर्षांचे सगळे चुकले म्हणतील. बंद कर ते."

तिने बंद केलं नाही. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. चालू नोंदींत एक ओळ उमटली: तिसरा मजला, खाट नऊ, इशारा निघाला. पोचल्याचा रकाना रिकामा. वीस सेकंद. तीस. तिने वरचा फोन लावला. तोही त्याच तारेवरचा, मुका.

ती जिन्याने धावत सुटली. शाल कुठल्या पायरीवर गळाली, कळलं नाही.

धाकटी टेबलाशी बसली होती, पापणी न लववता पडद्याकडे बघत.

"ताई? तू इथे कशी?"

"नऊ नंबर."

"नऊ ठीक आहे. बघ ना, सगळं हिरवं."

"पडदा सोड. पळ."

धाकटी पळाली. बोळाच्या टोकाचं जाड दार तिने ढकललं, आणि आत कधीचं कोकलत असलेलं यंत्र बोळभर ऐकू आलं.

पडद्यावर नऊ नंबर हिरवाच होता.