धावपट्टीजवळचं झाड

वनस्पतिशास्त्रज्ञ सोलांज केर्वादेकने एका झाडापायी अर्धं आयुष्य फुकट घालवलं, असं पॅरिसमधले तिचे सहकारी म्हणत. फ्रेंच गयानाच्या जंगलातल्या कितीतरी वनस्पतींना तिने नावं दिली होती. पण ग्राँ-कारबे गावच्या धावपट्टीजवळचं ते उंच झाड बिननावाचंच राहिलं. फूल पाहिल्याशिवाय नाव देता येत नाही. ती पोचायची तेव्हा कधी बहर कुजून गेलेला असायचा, कधी आलेलाच नसायचा. तसं दुसरं झाड तिला कुठे आढळलंही नव्हतं.

निवृत्तीच्या वर्षी ती छोट्या विमानातून उतरली, तर झाड आडवं पडलेलं.

मेयर पॉलिकार्प छत्री घेऊन सामोरा आला.

"हे काय केलंत?"

"पाडलं, मादाम. वैमानिक कटकट करत होते."

"मला कळवायचं तरी."

"कळवलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"मग?"

"म्हणूनच नाही कळवलं. आणि फूल फूल करत होतात ना? घ्या आता, हवी तेवढी."

खरंच, शेंडा मळकट पांढऱ्या फुलांनी भरला होता. सोलांजला त्याला चांगलं फैलावर घ्यायचं होतं, पण फुलं सुकू लागली होती आणि आभाळ भरून आलं होतं. चरफडतच ती चिखलात गुडघे टेकून बसली. तिने भिंगाखाली एक फूल उघडून पाहिलं. झाडाची जात नवीच होती. तिचंच खरं होतं. पण नाव द्यायचं ते एका मढ्याला.

डोक्यावर छत्री धरत पॉलिकार्प म्हणाला, "माझं नाव दिलंत तरी चालेल."

"खुन्याचं नाव देतात का कुठे?"

तिने परतीचं विमान जाऊ दिलं आणि त्याच जातीच्या रोपांच्या शोधात जंगल पालथं घातलं. पॉलिकार्पलाही तिने सोबत ओढलं. तो कसाव्याची भाकरी चघळत कुरकुरत मागून चालायचा. शेवटी ओढ्याकाठी गुडघाभर उंचीची चार-दोन रोपं दिसली. तिने त्याला तिथेच कुंपण घालायला लावलं.

"फुलणार कधी ही?" त्याने विचारलं.

"मी मेल्यावर. तुम्हीही नसाल तेव्हा."

"मग एवढं चिडायचं कशाला?"

"तार नीट ताणून धरा," सोलांज म्हणाली. "तेवढं तरी धड करा."