जुम्म्याचा कागद

"अब्बा, पोरीनं कागद उचलला तर तो फाटतोच का?"

वर्गातल्या कुशी आणि भागूनं चिंचेच्या गोळ्याची पैज लावून सायराबानूला हे विचारायला लावलं होतं. दोघी दाराआड कान लावून उभ्या.

हौदाच्या काठावर उकिडवे बसलेले अब्बा लगद्यात बुडवलेली चौकट तशीच धरून तिच्याकडे बघत राहिले.

"फाटतो. बायकांच्या हातनं लगदा सारखा बसत न्हाई. तुला कशाला पायजे?"

"उगीच."

"उगीच इचारणारी तू न्हाईस."

दाराआड दोघी फिस्सकन हसल्या. 

साल एकोणीसशे चोपन्न उजाडलं, तरी जुन्नरच्या हातकागद बनवणाऱ्या कागदी मोहल्ल्यात हौद पुरुषांचाच; चौकटीनं लगद्यातून कागद उचलायचा त्यांनीच! बायकांनी ओले कागद भिंतीला चिकटवायचे, वाळले की दगडानं घोटायचे. पण जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी दुपारी, अब्बा नमाजाला जात. मधल्या सुट्टीत सायरा शाळेतून धूम ठोकून यायची आणि हौदावर बसायची. कागद फाटला, तर परत लगद्यात ढवळून टाकायचा. पुरावा शून्य! चांगला उतरला, की अब्बांच्या गठ्ठ्यावर. ओला कागद दुसरीकडे ठेवणार कुठं?

तिथंच फसली.

त्या शनिवारी सकाळी अब्बांनी दाबलेल्या गठ्ठ्यातला एक कागद सोडवून उन्हात धरला.

"तिसऱ्यांदा! हा माझा हात न्हाई. माझा कागद उजवीकडं जाड उतरतो. हा बघ, चारी कोपरे सारखे."

"मग कुणाचा?" अम्मीनं विचारलं. बघत मात्र होती सायराच्या बाहीकडे.

"जलालचा. दुसरं कोण? त्याचा हौद दोन वर्सं कोरडा. नमाज सुटली, की पयल्या चपला तोच घालतो, अन् माज्या आधी हितं पोचतो. माज्या हौदावर हात चालता ठेवतोय, अन् उद्या माजंच गिऱ्हाईक पळवंल. चुलतभाऊ म्हणून गप बसलो. आता मोहल्ल्यादेखत इचारतो."

त्यांनी टोपी घातली. सायरा उंबऱ्यात आडवी आली. बोललं तर हौद कायमचा गेला, न बोललं तर जलालचाचा चोर ठरणार.

"चाचा न्हाई. मी उचलला."

"चाचाला वाचवतीस व्हय? असला कागद? तू?"

चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं. हे लई झोंबलं! तिनं ओढणी खोचली, काठावर बसली, चौकट बुडवली. पहिल्याच कागदाला बुडबुडा.

"बघ," अब्बा म्हणाले.

"थांबा की!"

तो तिनं लगद्यात मिसळून टाकला. परत बुडवली, पुढं-मागं झुलवली, पाणी निथळू दिलं. कागद गठ्ठ्यावर अलगद उतरला. अब्बा वाकले. एकेक कोपरा निरखला. संशय काही जाईना.

"कुणी शिकवलं? जलालनं?"

"तुमीच. कळायला लागल्यापासनं तुमचे हात बघतेय."

"दर जुम्म्याला बाही ओली," अम्मी पुटपुटली. "मला वाटायचं, पोरगी नदीवर हुंदडतीय."

अब्बांनी टोपी काढून खुंटीला लावली.  सायरानं हात पुसले.

"आता दोघंबी ऐका. सोमवारपासनं शाळेच्या आधी हौदावर मी बसणार. शाळा सोडणार न्हाई, सातवीच्या फायनल परीक्षेला बसणार. अन् माजे कागद निराळ्या गठ्ठ्यात ठेवा. कुणी इचारलं, तर माजं नाव सांगा."