आणखी एक हंगाम

१९५२ साली मी कलकत्त्याच्या एका संग्रहालयात लहान प्राण्यांची कातडी ओळखून नोंदवत असे. मार्चमध्ये श्यामकांत बराकपूरला आमच्या घरी आला. जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा, दार्जिलिंगकडे वनाधिकारी. त्याने जेवणाच्या टेबलावर चिचुंद्र्या, रानउंदीर आणि एक उडणारी खार मांडली. पोटात कापूस, पायाला चिठ्ठी.

“काका, तोड झालेल्या रानात शंभर सापळ्यांत दोन सापडले, जुन्या रानात चौदा. पोकळ झाडं, कुजके ओंडके गेले की यांनी राहायचं कुठे? आता जुन्या रानाचा एकच उतार उरलाय. चहाच्या पेट्यांच्या फळ्यांसाठी तोही मागताहेत. तो राखावा असा अर्ज मी लिहिलाय, त्यावर तुम्ही सही केलीत तर आमचे साहेब ऐकतील.”

“एकाच हंगामाचे आकडे आहेत रे. कदाचित थंडीच कडक पडली असेल.”

“लग्नाला हो म्हणायला किती हंगाम घेतले होते तुम्ही?”

“तीन,” स्वयंपाकघरातून कालिंदी म्हणाली. “आणि शेवटी यांच्या वतीनं माझे वडीलच हो म्हणाले.”

आम्ही तिघेही हसलो. सही मात्र मी केली नाही. चूक ठरलो तर, या विचाराने मला झोप लागेना. अखेर मी लिहिलं : पावसाळ्यापर्यंत तोड थांबवावी आणि त्या उतारावर दाट सापळे लावून निदान तीस नमुने घ्यावेत, मग निश्चित सांगता येईल.

साहेबांनी ते तंतोतंत मानलं.

मेअखेर पेटी आली. चौतीस नमुने. सोबत श्यामकांतचं चार ओळींचं पत्र : शेवटचे अकरा दिवस सगळे सापळे रिकामे निघाले. चहूकडे तोड झालेली, बाहेरून नवं काही येणं शक्य नाही.

मी मला दिसलं तेच अहवालात लिहिलं. न तोडलेल्या उतारावर चौतीस, तोडलेल्या रानात दोन; तोडीमुळे हे प्राणी नाहीसे होतात, याबद्दल आता शंका नव्हती. पुढच्या परिच्छेदात, राहवलं नाही म्हणून, हेही लिहिलं की त्या उतारावर बहुधा आता एकही उरलेला नाही.

साहेबांनी तेवढंच वाक्य उचललं. प्राणी उरलेले नसल्याने उतार राखण्याचं कारण राहत नाही, असा शेरा मारून त्यांनी पाऊस थांबताच तोडीला परवानगी दिली. खाली माझ्या अहवालाचा क्रमांक होता.

श्यामकांत पुन्हा आमच्याकडे आला नाही. चौतीस कातडी मी खणात लावली. नऊ चिठ्ठ्यांवर त्याच्या अक्षरात ‘गाभण’ लिहिलेलं होतं. तेही मी नोंदवून घेतलं.