कालची

मैना हे काही तिचं खरं नाव नव्हे. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीतल्या मुलांनी ते ठेवलं होतं, कारण ग्रीक असो की हिब्रू, ही सगळं घडाघडा म्हणून दाखवायची. धर्मशास्त्राची दोन वर्षं तिने हसतखेळत पार केली आणि इस्पितळातल्या उमेदवारीत मात्र तोंडावर पडायची वेळ आली. चॅप्लिन, म्हणजे आजाऱ्यांजवळ बसणारी पाळक, व्हायचं तर खोलीत शिरावं लागतं. हिचे पाय नेमके दाराशीच जड व्हायचे.

त्या दिवशीही तेच झालं. कोपऱ्यातल्या खोलीतल्या म्हाताऱ्या शिंपीकाकांनी निरोप धाडला होता, प्रार्थनेला कोणीतरी या म्हणून. काकांचे आता थोडेच दिवस उरले होते. मैनाने दार ढकललं, उशीवरचं पांढरं डोकं पाहिलं आणि ती आल्या पावली परत फिरली.

खरी पंचाईत पुढेच होती. त्यांच्या वर्गाची रीत अशी, की भेट झाली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ती शब्दन् शब्द सांगायची. आपलं बोलणं आणि आजाऱ्याचंही. मग सर आणि बाकीचे तिची चिरफाड करणार. कुठे ऐकून घेतलं, कुठे नुसता उपदेश झोडला. आता न झालेली भेट सांगायची कशी? पण इतकं पाठ करणाऱ्याला थोडं रचायलाही येतंच की. मैनाने लोणकढी थाप ठोकून दिली. काकांना म्हणे मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक सोसत नव्हती, म्हणून तिने ते काढून रुमालात गुंडाळलं आणि खणात ठेवलं. मग काकांनी विचारलं, पलीकडे आपली बायको आपल्याला ओळखेल का? त्यावर तिने असं काही गोड उत्तर दिलेलं सांगितलं, की वर्गातल्या एकीने डोळे टिपले.

सर तेवढे पाघळले नाहीत. उभा जन्म मरणाऱ्यांच्या उशाशी काढलेला माणूस तो, असल्या गोडीला भुलणारा नव्हता.

"छान झालं. तू एकदाही अडखळली नाहीस," ते म्हणाले. "मी अजून अडखळतो. आज परत जा त्यांच्याकडे."

त्यापेक्षा रागावले असते तर बरं, असं मैनाला वाटलं.

दुपारी ती निघाली ती मनाशी ठरवूनच. आत जायचं, खरं सांगायचं, माफी मागायची. आज हे जमलं नाही तर चॅप्लिन होण्याचा नाद सोडायचा. व्हरांड्यात सिस्टर भेटल्या. कालपासून काका शांत आहेत, तुम्ही तासभर बसलात ना म्हणून, असं त्या सहज बोलून गेल्या.

"मीच होते?" मैनाने विचारलं.

"तुम्हीच की. मी दोनदा डोकावले, तुम्ही मान वर केली नाहीत."

मैना आत गेली. काका डोळे मिटून पडले होते. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा फिकट वळ होता, घड्याळ नव्हतं. तिला राहवेना. तिने खण ओढला. आत रुमालाची गुंडाळी होती आणि गुंडाळीतून टिकटिक येत होती. रुमाल तिचाच होता, कोपऱ्यात आईने भरलेलं निळं फूल. सकाळपासून ती तोच शोधत होती.

पळावं म्हणून ती वळली, तेवढ्यात काकांनी डोळे उघडले.

"आज कोण?" त्यांनी विचारलं. "तू, की कालची?"

घोकून आणलेली माफी कुठल्या कुठे गेली. "काका, मी काल आत आलेच नाही," ती म्हणाली. "दारातून पळाले. भीती वाटली मला."

काकांनी हात पुढे केला. तिने तो धरला. कापडाचा पोत बघावा तशी त्यांची बोटं तिच्या तळहातावरून फिरली.

"तुझा गरम आहे," ते म्हणाले. "कालची बोलायची फार सुरेख. काही विचारायचा अवकाश, उत्तर तयार. पण हात गारठलेले. आज संध्याकाळी मला न्यायला येते म्हणालीये. मला तिच्याबरोबर नाही जायचं गं, पोरी." मग म्हणाले, "तू सांग. माझी बायको मला ओळखेल का?"

"मला नाही माहीत, काका." मैनाला रडूच फुटलं. तिने खुर्ची ओढली आणि बसली. "कशा होत्या काकू?"

काका सांगू लागले. शिंप्याची बायको, पण सुईत दोरा ओवता येईल तर शपथ. रोज सकाळी भांडून त्यांच्याकडूनच ओवून घ्यायची. सांगता सांगता ते हसले, दमले, पुन्हा बोलू लागले. खिडकीतला उजेड उतरला.

दाराशी पावलं वाजली आणि थांबली. काकांची बोटं घट्ट झाली. मैनाने मान वर केली नाही.

"मग पुढे?" तिने विचारलं.

काका पुढे सांगू लागले. खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मैना बसली होती. दारात जे कोणी होतं ते थोडा वेळ थांबलं आणि आल्या पावली परत गेलं.