पिवळे दिवे

काचेच्या आतल्या बाजूने तो ठिपक्यांचा लाल किडा वर चढत होता, घसरत होता, पुन्हा चढत होता... मका कापणीला आला की हे किडे घरात, मोटारीत, कुठेही शिरतात. एव्हरेटने त्याला बोटाने बाजूला सारायला हवं होतं. पण त्यासाठी स्टिअरिंगवरचा हात काढायचा म्हणजे – हायवेवर ही जुनी बुइक तो तसाही भीतभीतच चालवायचा. सारं आयुष्य ग्रंथालयात हलक्या आवाजात बोलण्यात गेलेला माणूस.

आज मात्र बोलायचं होतं. क्रिस्टाला, मुलीला, दुपारी खाणावळीत जेवताना सांगायचं की हे काम सोड, बंद पडलेल्या गाड्या ओढून नेण्याचं. सकाळपासून त्याने ते वाक्य इतक्यांदा बदललं होतं, की आता त्यात विनंती उरली होती की हुकूम, हे त्यालाच कळेना. गेल्या महिन्यात तिच्याबरोबर काम करणारा ड्युएन असाच कडेला वाकून साखळी अडकवत असताना... त्याच्या अंत्ययात्रेला चर्चपर्यंत टोइंगच्या ट्रकांची रांग लागली होती, सगळ्यांचे पिवळे दिवे भर उन्हात फिरत होते, आणि पहिल्या ट्रकमध्ये क्रिस्टा ताठ बसलेली. रडत नव्हती. नुसता राग होता चेहऱ्यावर. कायदा तर किती सोपा – कडेला दिवे लावून गाडी उभी दिसली की पलीकडच्या पट्टीत जायचं, जाता येत नसेल तर वेग कमी करायचा. पोलिसांच्या लाल-निळ्या दिव्यांना लोक मानतात. पिवळ्यांना कोण विचारतो? या कायद्याची पत्रकं एव्हरेटनेच ग्रंथालयाच्या टेबलावर नीट रचून ठेवली होती. लोक त्यांच्यावर परत करायची पुस्तकं ठेवून जायचे.

चढ संपला आणि पुढे, उजव्या कडेला, पिवळे दिवे दिसले.

तिचाच ट्रक. त्याने डावा दिवा लावला, आरशात पाहिलं – शेजारून डुकरांनी भरलेला लांबलचक ट्रेलर चाललेला, जागाच नाही. बरं, मग वेग कमी. केला. मागच्याने हॉर्न वाजवला. वाजवू दे, मी बरोबर आहे, या एका बाबतीत तरी मी... क्रिस्टा एका मोटारीच्या चाकाशी गुडघे टेकून बसली होती, पाठ रस्त्याकडे. किती लहान दिसते तिची पाठ. जाकीट उघडंच, वाऱ्यावर फडफडतंय – शाळेच्या बसमागे धावायची तेव्हाही असंच, आणि मी खिडकीतून... टोपी तरी घातली आहे का? घातली आहे. पण कान उघडेच, आणि –

चाकांखालून घरघर आली. गाडी कडेला भरकटली की वाजणाऱ्या, पांढऱ्या रेघेपलीकडच्या खाचांची घरघर. त्याने स्टिअरिंग डावीकडे ओढलं. क्रिस्टा आता ट्रकला पाठ चिकटवून उभी होती आणि तिचा चेहरा काचेपलीकडे इतका जवळून गेला... त्या चेहऱ्यावर ओळख नव्हती, नुसती भीती होती.

खाणावळीत ती उशिरा आली. हात धुतले, तळलेल्या मांसाचं नेहमीचं सँडविच मागवलं. वाढणारी बाई म्हणाली, काय गं, भूत पाहिलंस का?

"भूत नाही, बुइक पाहिली," क्रिस्टा म्हणाली. मग बाई गेल्यावर, त्याच्याकडे न बघता, "बाबा, तू माझ्याकडेच बघत होतास ना?"

त्याने मान हलवली.

"मारायला कुणीच येत नाही रे. बघत राहतात, आणि जिकडे बघतात तिकडेच गाडी येते. ड्युएनला उडवलं ती बाईसुद्धा म्हणत होती, मला तो दिसत होता, सारखा दिसत होता." तिने सँडविचचे दोन तुकडे केले. "यापुढे मी दिसले तर रस्त्याकडे बघायचं. माझ्याकडे नाही. कबूल?"

"पण तू –"

"कबूल म्हण, बाबा."

तो कबूल म्हणाला. सकाळपासून जपलेलं वाक्य अजून घशाशी होतं, पण आता ते कोणत्या तोंडाने... रागावणं, समजावणं, अडवणं, हे सगळं तिच्या आईने केलं. त्याने फक्त बघितलं. ताप आला तेव्हा, पहिल्यांदा सायकलवर बसली तेव्हा, घर सोडून गेली तेव्हाही. एवढं एकच आपल्याला नीट जमतं, असं तो समजत आला होता.

आताही आपण तिच्याकडेच बघतो आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने नजर खिडकीबाहेर वळवली आणि तिथेच धरून ठेवली, मान अवघडली तरी. समोर ती आहे, हे त्याला फक्त तिच्या चावण्याच्या आवाजावरून कळत होतं.