चौथ्या टेबलाचे ठिपके

राइस कुकरचं बटण टक्‌कन वर उडालं आणि सेत्सुयोच्या हातातली पेन्सिल थबकली. पहाटेचे साडेपाच. सुवा गावच्या तळ्यावरचा गारठा खिडकीच्या फटीतून आत येत होता. बुटक्या टेबलाच्या गोधडीखाली, शेगडीच्या उबेत पाय खुपसून ती तासाभरापासून एकाच कागदाकडे बघत बसली होती.

कागदावर तीन लाल ठिपके होते. ते वगळून नवा कागद काढायचा, एवढंच काम.

"सुबक काढा हं," नेगिशी साहेब काल म्हणाले होते. "शुक्रवारी मोठ्या कंपनीत सादर करायचंय. आणि घरूनच करून आणा, कामाच्या वेळात नको."

कॅमेऱ्याची भिंगं कड्यात चिकटवून मोठ्या कंपनीला पुरवायचा त्यांचा छोटा कारखाना. चार टेबलं, चार बाया. सेत्सुयो दुसऱ्या टेबलावर. आपलं काम सांभाळून दर तासाला प्रत्येक टेबलावरचे पाच नग उचलायचे, भिंग किती कललंय ते मोजायचं, सरासरी काढायची आणि आलेखावर ठिपका द्यायचा, हेही तिच्याकडेच. तीन वर्षांत तिचा एकही ठिपका चुकला नव्हता. भिंतीवर पाटी होती, 'दोष माणसात नको, पद्धतीत शोधा.' रोज सकाळी नेगिशी साहेब ती मोठ्यानं वाचायचे आणि बाया त्यांच्यामागून ओरडायच्या.

जानेवारीत चौथ्या टेबलाचे ठिपके वर चढायला लागले. दिवसाच्या अडीचशे नगांत बारा बाद, चौदा बाद. त्या टेबलावर तोमिएसान बसायची. वय चौपन्न, नोकरी एकोणीस वर्षांची. सेत्सुयोला चिमटा कसा धरायचा ते तिनंच शिकवलं होतं, बोटांवर टिचक्या मारून.

"डोळे गेले वाटतं तिचे," साहेब म्हणाले. "वय झालं."

वय! सेत्सुयोनं ठिपके पुन्हा पाहिले. ते दिवसभर वर नव्हते. दहा वाजता चढायचे, तीनला चढायचे, मधे गुमान खाली यायचे. तोमिएसानचे डोळे काय दहा आणि तीनला म्हातारे होत होते? दहाला आणि तीनला ट्रक यायचा. माल चढवायचं मोठं दार वीस-वीस मिनिटं उघडं राहायचं आणि बाहेरचा उणे आठचा वारा थेट चौथ्या टेबलावर आदळायचा. भिंग नीट बसायच्या आतच गोंद घट्ट होत होता.

"जागा बदलून बघू या?" तिनं हळूच विचारलं होतं.

"बस की माझ्या जागी, पोरी. गोठशील," तोमिएसान म्हणाली. "आणि तुझे नग बाद झाले की मी हसणार. आधीच सांगून ठेवते."

तीन दिवस दोघी जागा बदलून बसल्या. चौथ्या टेबलावर सेत्सुयोचे बाद नग बारा, तेरा, बारा. दुसऱ्या टेबलावर तोमिएसानचे दोन, एक, दोन. तिसऱ्या संध्याकाळी तोमिएसान खरंच हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "आता दाखव त्यांना," म्हणाली.

सेत्सुयोनं रोजच्या बाद नगांच्या आलेखावर चौथ्या टेबलाचे ते तीन दिवस मुद्दाम लाल शाईनं काढले, दिवसाला एक ठिपका, आणि कागद साहेबांपुढे ठेवला.

"कोणाला विचारून जागा बदलल्या?" नेगिशी साहेबांनी कागदाला हातही लावला नाही. "परवानगीशिवाय केलेलं मोजमाप म्हणजे मोजमाप नव्हे."

दुसऱ्या आठवड्यात तोमिएसानला घरी बसवलं. आता विश्रांती घ्या, म्हणाले. चौथं टेबल रिकामं ठेवलं. बाद नग कमी झाले. आलेखाची रेघ सरसर खाली आली, आणि ही रेघ म्हणजे सुधारणा, असं शुक्रवारी सगळ्यांना सांगायचं होतं.

"आई, तू रागावलीयस?"

पाच वर्षांची चिनात्सु पांघरुणातून डोकं बाहेर काढून बघत होती. केस उभे, गालावर उशीची घडी.

"नाही गं राणी."

"मग पेन्सिल का चावतेस?"

सेत्सुयोनं पेन्सिल तोंडातून काढली. लेकीला गोधडीत ओढून घेतलं. तिचे गार तळवे आपल्या पोटऱ्यांना लावून घेतले. नवरा दूर बोगद्याच्या कामावर, महिन्याकाठी यायचा. त्याच्या पगारात घरभाडं भागायचं. बालवाडीची फी, बूट, खोकल्याचं औषध, सगळं या चिमट्याच्या जोरावर. साहेबांनाही ते ठाऊक होतं. म्हणून तर इतक्या गोड आवाजात सांगितलं होतं.

मुलगी मांडीवर पुन्हा डुलकी घेत असताना तिनं नवा कागद काढला. लाल ठिपके नसलेला. अक्षर नेहमीसारखंच टपोरं आलं. रेघा सरळ. हात जराही थरथरला नाही, याचाच तिला जास्त संताप आला.

जुना कागद तिनं फाडला नाही. नव्याच्या खाली ठेवून दोन्ही एकत्र गुंडाळले.

मोठ्या कंपनीच्या सभागृहात तीनशे माणसं होती. तिला माल पुरवणाऱ्या कारखान्यांची सुधारणांची स्पर्धा होती. व्यासपीठावर कारखान्याच्या ऑफिसातला कात्सुमाता हा सव्वीस वर्षांचा पोऱ्या हातात लांब काठी घेऊन पाठ केलेलं भाषण म्हणत होता. त्याच्यामागे तिघी बाया इस्त्रीच्या गणवेशात ओळीनं उभ्या. त्यांनी फक्त उभं राहायचं होतं. त्यातल्या सेत्सुयोनं मात्र स्टँडला लावलेली मोठाली पानं उलटायची होती. तिची पानं, तिचं अक्षर, भाषण कात्सुमाताचं.

"ओठ किती घट्ट मिटलेस," शेजारची हिदेको पुटपुटली. "लग्नातल्या फोटोसारखी दिसतेस."

"गप्प बस."

"मी गप्पच आहे. बाईमाणसाला इथं बोलायचं कुठंय?"

"कारणाचा शोध," कात्सुमाता म्हणाला. "कामगाराचे वाढलेले वय आणि त्यामुळे कमी झालेले कौशल्य. पुढील आलेखात आपण पाहाल…"

वाढलेलं वय. सेत्सुयोच्या कानशिलात काहीतरी तापलं. टिचक्या मारणारी ती बोटं, हसताना डोळ्यांत आलेलं ते पाणी, आणि हा पोरगा काठीनं दाखवतोय!

तिनं एक नाही, दोन पानं उलटली.

काठी हवेतच राहिली. नव्या आलेखाखाली तिनं लावलेल्या जुन्या कागदावर तीन ठिपके लालभडक दिसत होते. पहिल्या रांगेत नेगिशी साहेब खुर्चीतून अर्धवट उठले आणि परत बसले.

परीक्षकांतले एक वयस्क गृहस्थ चष्मा सारखा करत म्हणाले, "हे लाल ठिपके कशाचे?"

"मो… मोजण्यातली चूक आहे, सर."

"चूक नाही." आवाज आपलाच आहे हे सेत्सुयोला क्षणभरानं कळलं. "ते माझे आहेत. ते तीन दिवस चौथ्या टेबलावर मी बसले होते. मी एकतीस वर्षांची आहे. माझे डोळे चांगले आहेत. तोमिएसान माझ्या जागेवर बसल्या होत्या. बाद नग टेबलापाशीच राहिले, त्यांच्याबरोबर गेले नाहीत. टेबलाशेजारी मालाचं दार आहे. ट्रक आला की उघडं राहतं."

"पण टेबल बंद केल्यावर तर सुधारणा दिसते," परीक्षक म्हणाले.

"रिकाम्या टेबलावर चुका करणार तरी कोण, साहेब?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "अभ्यास चांगला आहे," म्हणाले. तेवढ्यात घंटी वाजली. ठरलेली बारा मिनिटं संपली होती. पुढचा गट पानं घेऊन वर येत होता.

सहभागी झाल्याबद्दल प्रत्येकीला एकेक टॉवेल मिळाला होता. परतीच्या बसमध्ये हिदेकोनं आपला टॉवेल सेत्सुयोच्या मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

दहा दिवसांत मालाच्या दाराला जाड पडदा लागला. सूचनाफलकावर कागद झळकला, 'सुधारणा : दारास पडदा. सुचवणार : नेगिशी.' चौथ्या टेबलावर एकोणीस वर्षांची नवी मुलगी बसली. सेत्सुयोकडून मोजायचं काम काढून घेतलं. नोकरीवरून मात्र काढलं नाही. मोठ्या कंपनीच्या परीक्षकांनी तिचं नाव लिहून नेलं होतं म्हणे.

ती साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"आणि तोमिएसान?"

"त्यांनी स्वतःहून राजीनामा दिलाय. सही आहे."

"सही तुम्ही घेतलीत. डोळे गेले म्हणून. आता तर कळलं ना, डोळे गेले नव्हते?"

"पडदा लागला ना, सेत्सुयोसान?" नेगिशी साहेबांनी फाइल मिटली. त्यांना खरोखरच काही कळत नव्हतं. "मग आता अजून काय हवंय तुम्हाला?"

तिनं मुठी आवळल्या, कमरेत वाकून नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी तिच्या हातून चार भिंगं तडकली.

शनिवारी अर्ध्या दिवसानं सुटल्यावर लेकीला घेऊन ती तोमिएसानकडे गेली. तोमिएसाननं चहा केला, मिठात मुरवलेली पालेभाजी चिरून पुढे ठेवली. तुकडे सगळे एका मापाचे. सेत्सुयोनं घडलं ते सगळं सांगितलं. तीनशे माणसं, दोन पानं, फलकावरचं नाव. सांगता सांगता आवाज चढत गेला, तशी चिनात्सु खायची थांबून ऐकायला लागली.

तोमिएसाननं सेत्सुयोच्या कपात आणखी चहा ओतला.

"पडदा जाड आहे का?" तिनं विचारलं.

"जाड आहे."

"जमिनीपर्यंत येतो?"

"येतो."

"मग बरं झालं. त्या नव्या पोरीची बोटं गरम राहतील." तिनं चिनात्सुच्या वाटीत आणखी दोन तुकडे घातले. आपले हात मांडीवर घेतले आणि एका हातानं दुसऱ्याची बोटं एकेक करून चोळत बसली.

चिनात्सु तिच्या हातांकडे बघत होती. मग ती आईकडे वळली.

"आई, दाराची चूक होती ना?"

"हो."

"मग दाराला पडदा मिळाला. आजीला न्यायला कधी येणार ते?"