तिसरा प्रश्न

"आणि चुकला, तर माफी मागतो का?"

शाम पास्टरांनी तिसरा प्रश्न विचारला आणि हसतमुखाने बाईजाकडे पाहिलं. एवढं उत्तर आलं की तिच्या नवऱ्याच्या, धाऊच्या डोक्यावर हात ठेवायचे, त्याला मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी, नेमायचं आणि सगळ्यांनी जेवायला बसायचं, एवढंच उरलं होतं. प्रार्थनाघराच्या मागे कोंबडीचा रस्सा शिजत होता आणि त्याच्या वासाने निम्म्या लोकांचं लक्ष केव्हाच उडालं होतं.

डोळखांबच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या पाड्यात घरं पस्तीस, त्यातली बारा प्रभूच्या वाटेवर आलेली. शाम पास्टर मुरबाडहून महिन्यातून एकदा मोटारसायकलवर यायचे. उरलेल्या रविवारी उपासना धाऊच चालवायचा. आता त्याला रीतसर वडील करायचं ठरलं होतं. या मंडळीची रीत अशी, की नेमणुकीआधी माणसाच्या बायकोला सगळ्यांसमोर उभं करून तीन प्रश्न विचारायचे. घरच्यांबरोबर बसून जेवतो का? घरच्यांचं ऐकून घेतो का? चुकला तर माफी मागतो का? ज्याला घर सांभाळता येत नाही त्याच्या हाती मंडळी कशी द्यायची, एवढाच त्यामागचा विचार. याआधी नेमलेल्या दोघांच्या बायका मान खाली घालून तीनदा "हो" म्हणाल्या होत्या आणि खाली बसल्या होत्या.

बाईजाने पहिल्या प्रश्नाला "जेवतात" म्हटलं. दुसऱ्याला "ऐकतात, कानावर पडलं तर" म्हटलं, तेव्हा बायकांच्या बाजूला खसखस पिकली. तिसऱ्याला मात्र तिने मान वर करून धाऊकडे पाहिलं.

"बाईजा, मागतो ना माफी?"

"नाय."

ती हे मोठ्याने म्हणाली नाही, पण शेवटच्या चटईपर्यंत ऐकू गेलं.

"सव्वीस वर्सं झाली लग्नाला. एकदा पन नाय मागितली."

धाऊने नव्या सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि हसून म्हणाला, "आता चुकलोच नाय, तर मागू कशापायी?"

लोक हसतील असं त्याला वाटलं होतं. त्याचा दोस्त मंगळ्या हसायला लागलाही, पण बायकोचं कोपर बसल्यावर त्याने तोंड मिटलं.

"मंग त्यांनाच इचारा पास्टर," बाईजा म्हणाली. "रविनाच्या कॉलेजला देवानं खरंच नाय म्हटलं काय?"

धाऊचं हसू तिथेच थिजलं.

तसं पाहिलं तर धाऊला नाव ठेवायला जागा नव्हती. पावसाळ्यात भातशेती, एरवी गवंडीकाम. दारू नाही, शिवी नाही. हे प्रार्थनाघर त्याने स्वतः एकेक चिरा लावून उभं केलेलं. कुणाच्या घरी आजार असो, भांडण असो, धाऊ हजर. खोड एकच. घरात कुणी काही विचारलं, की तो "प्रार्थना करून सांगतो" म्हणायचा, गोठ्यामागच्या दगडावर जाऊन बसायचा आणि दहा मिनिटांनी देवाचं उत्तर घेऊन यायचा. शेळी विकायची का? देव नाय म्हणतो. माहेरच्या लग्नाला दोन दिवस आधी जाऊ का? देव म्हणतो, एकच दिवस. देवाचं आणि धाऊचं मत आजवर एकदाही वेगळं निघालं नव्हतं. बाईजा हे केव्हाच ओळखून होती, पण देवाशी वाद कोण घालणार!

रविनाने मात्र कधी ओळखलं नव्हतं. त्याची ही थोरली पोर बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि शहापूरला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. तिथेच होस्टेलवर राहायचं होतं. दहा दिवसांपूर्वी ती फॉर्म घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. धाऊ गोठ्यामागे गेला आणि दगडावर बसून समोरच्या पोटरीला आलेल्या भाताकडे पाहत राहिला. डोळेसुद्धा मिटले नाहीत. परत येऊन म्हणाला, "देव नाय म्हणतो गो."

पोरगी रडली नाही की रुसली नाही. "देव म्हणतो तर ऱ्हाऊ दे, बाबा," एवढंच बोलली. मंगळवारी प्रवेशाची शेवटची तारीख होती आणि आज रविवार.

त्या दिवसापासून एक गोष्ट धाऊला खुपत होती. जेवणाआधीच्या प्रार्थनेला रविना सगळ्यांबरोबर डोळे मिटायची, पण तिचे ओठ हलायचे नाहीत. देवानेच नको म्हटल्यावर त्याच्याशी बोलायचं तरी काय, असं तिला झालं असेल. धाऊ रोज तिच्या ओठांकडे बघायचा आणि घास गिळायचा.

आता सगळी मंडळी त्याच्याकडे बघत होती. त्याच्या मांडीवर शास्त्र, म्हणजे बायबल होतं आणि पानापानांतून रंगीत दोरे लोंबत होते. लाल दोरा लग्नाच्या वेळचा, पांढरा मयताच्या वेळचा, हिरवा पेरणीच्या वेळचा. लोकांना ते दोरे म्हणजे धाऊच्या अभ्यासाची खूण वाटायची. "हो, देवानंच सांगितलं," एवढं म्हटलं की सुटका होती. पास्टर पुढे गेले असते, रस्सा वाढला गेला असता. धाऊने तोंड उघडलं आणि त्याची नजर खिडकीपाशी बसलेल्या रविनाकडे गेली. आईने हे काय आरंभलं म्हणून ती घाबरली होती, आणि बाप खोटं बोलणार नाही याची तिला पक्की खात्री होती. तसं तिच्या तोंडावरच दिसत होतं.

धाऊ उठून उभा राहिला.

"देवानं काय सांगितलं नाय. मी त्याला इचारलंच नाय."

बायका माना वळवून रविनाकडे बघू लागल्या.

"मीच नको म्हटलं आन् देवाच्या नावावर खपवलं. शेळीचं पन तसंच. लग्नाचं पन. समदं तसंच."

"का पण?" पास्टरांनी हळूच विचारलं.

हे सांगणं अधिक अवघड होतं. वीस वर्षं त्याने ते जपून ठेवलं होतं. धाऊने शास्त्र उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"मला वाचता येत नाय. एक अक्षर नाय. आदी माझा भाऊ वाचून दाखवायचा, तो गेल्यावर रविना. रोज सकाळी चुलीपाशी ती वाचते, मी पाठ करतो. हे दोरे तिनंच लावलेत. ती शहापूरला गेली तर मी हितं उभा राहून काय बोलू? मंग मी नुसता धाऊ गवंडी." त्याने शास्त्र खाली ठेवलं. "माझं पुढारपण टिकावं म्हणून पोरीला घरात अडकवली मी."

तो बायकांच्या बाजूला गेला. या प्रार्थनाघरात पुरुष कधी त्या चटईवर पाय ठेवत नसत. रविनासमोर तो गुडघ्यांवर बसला, पण पुढचे शब्द काही येईनात. सरावच नव्हता.

"चुकलो गो," तो शेवटी म्हणाला. "माफ कर. उद्याच्याला जाऊ आपण."

मग बाईजाकडे वळून म्हणाला, "तू पन."

"माझी नंतर मागा, लांबडी यादी हाय," बाईजा पदराने डोळे पुसत म्हणाली.

शाम पास्टरांनी त्याला हाताला धरून उठवलं. मग म्हणाले, "धाऊ, आज हात ठेवता येणार नाहीत."

"नका ठेवू," धाऊ म्हणाला, आणि आपल्याला एवढं हलकं का वाटतंय हे त्याला कळेना.

कोंबड्या तर कापून झाल्याच होत्या. पंगत बसली. ज्याच्या मानासाठी जेवण होतं त्यानेच कमरेला टॉवेल बांधून सगळ्यांना वाढलं.

सोमवारी बाप-लेक जीपने शहापूरला गेले. कॉलेजच्या खिडकीत फॉर्म सरकवत कारकुनाने विचारलं, "पालकांची सही की अंगठा?"

एरवी धाऊ अशा वेळी पाणी प्यायचं निमित्त काढून बाजूला व्हायचा.

"अंगठा," तो मोठ्याने म्हणाला. त्याने शाईत अंगठा बुडवला आणि चिरा बसवावा तसा कागदावर नीट दाबला.

पुढच्या रविवारी रविना होस्टेलवर होती, वाचायला कुणी नव्हतं. धाऊने मागच्या रांगेत बघितलं. मंगळ्याची सून भिमी, दहावी झालेली. चार वर्षं तिथे बसत होती, तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"भिमे, तू वाच गो. मी ऐकतो."

भिमी आधी लाजली, अडखळली, मग अशी खणखणीत वाचायला लागली की म्हाताऱ्या पुढे सरकून बसल्या. धाऊ आता ऐकायचा, त्याला काय समजलं ते सांगायचा आणि "तुमाला काय वाटलं?" असं विचारायचा. लोक खरंच सांगायला लागले. गोठ्यामागे तो अजून जायचा, पण आता वेळ लागायचा. ओसरीवर आधी पत्रा घालायचा की पाण्याची टाकी बांधायची, यावर मंडळीत जुंपली तेव्हा तो अर्ध्या तासाने परत आला.

"देवानं मला काय सांगितलं नाय," तो म्हणाला. "पानी बाया भरतात. त्यांना इचारू." टाकी आधी झाली.

पौषातली म्हशाची जत्रा आटोपली. त्यानंतरच्या रविवारी शाम पास्टर आले, तेव्हा रविना सुट्टीवर घरी होती. उपासना संपता संपता पास्टरांनी धाऊला पुढे बोलावलं. धाऊ बावरला. त्याच्या अंगात रोजचाच सदरा होता.

"तिसरा प्रश्न राहिलाय," पास्टर म्हणाले. "या वेळी लेकीला विचारतो. रविना, चुकला तर माफी मागतो का?"

रविना उठली. आईकडे बघून हसली.

"मागतो. नीट नाय जमत अजून. फोन करतो, पयला भाताचं सांगतो, मंग शेळीचं, आन् ठेवता ठेवता मागतो. पन मागतो."

सगळं प्रार्थनाघर हसलं आणि त्यात मंगळ्याचा आवाज सगळ्यात मोठा होता. पास्टरांनी बाईजालाही विचारलं. ती म्हणाली, "यादी अर्दी झाली."

धाऊ गुडघ्यांवर बसला. डोक्यावर आधी पास्टरांचा हात आला, मग मंगळ्याचा, मग बाईजाचा खरबरीत तळवा. शेवटी एक हलका हात आला, त्याला दवाखान्यातल्या साबणाचा वास होता. सगळ्यांनी डोळे मिटले.

धाऊला राहवलं नाही. त्याने एक डोळा हळूच उघडून वर पाहिलं.

रविनाचे ओठ हलत होते.